गावाकडे राहायला कोण येतंय? नाशिकच्या आसपास पाहणी कशी करावी

शहरातली माणसं नाशिकच्या आसपासच्या खेड्यांत राहायला येताहेत, असं हल्ली कुणीही सांगतं. गिरणाऱ्याच्या रस्त्यावरचे बंगले, त्र्यंबक रोडवरचे प्लॉटिंगचे बोर्ड, इगतपुरीच्या सेकंड होमच्या जाहिराती दाखवल्या की विषय संपतो. मी कॉलेजात भूगोल शिकवते. तिसऱ्या वर्षाची मुलं दरवर्षी हाच विषय प्रकल्पाला मागतात, आणि मी त्यांना पहिल्याच बैठकीत सांगते, की घर घेतलं कुणी हे एका ठिकाणी कळतं आणि त्यात राहतं कोण हे भलत्याच ठिकाणी. खरेदीचे आकडे पाहून स्थलांतरावर बोलायचं नाही. ज्यांना हा विषय मनापासून समजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी माझी पद्धत इथे लिहिते.

सुरुवात हद्दीपासून करा. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी यांना आपण अजूनही गावं म्हणतो, पण ती महापालिकेत आहेत. १९८२ साली महापालिका झाली तेव्हा आसपासची बरीच गावठाणं तिच्या पोटात गेली. कॉलेज रोडवरचा फ्लॅट विकून मखमलाबादला बंगला बांधणारा माणूस सरकारी हिशेबात शहर सोडून कुठेही गेलेला नाही. घोटी बुद्रुकची गोष्ट उलटी आहे. तिथे कारभार ग्रामपंचायतीचा, तरी २०११ च्या जनगणनेने घोटीला शहरी गणलं. लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, हे निकष पुरे झाले की जनगणना गावाला नगर म्हणते. त्यामुळे नाशिकहून घोटीला गेलेलं कुटुंब तक्त्यात ‘शहरातून शहरात’ या रकान्यात पडतं. तुम्ही कोणती गावं घेताय, त्यातलं कोणतं कुणाच्या हद्दीत येतं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मग मोठे आकडे बघा, पण त्यांच्याकडून गावपातळीची अपेक्षा ठेवू नका. जनगणनेचे ‘डी’ मालिकेतले तक्ते स्थलांतराचे. माणूस आधी कुठे राहत होता, किती वर्षांपूर्वी आला, कशासाठी आला, हे त्यात असतं. हाती आहेत ते २०११ चे, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मधल्या काळासाठी २०२०-२१ ची नियतकालिक श्रमबल पाहणी, म्हणजे केंद्र सरकारची रोजगाराची पाहणी, कामाला येते. तिने देशाचा स्थलांतराचा दर २८.९ टक्के काढला. पुरुषांत तो १०.७ टक्के, बायकांत ४७.९. एवढा फरक कशाने? मुख्यतः लग्नाने. पंचवटीतली मुलगी निफाडच्या एखाद्या खेड्यात सून म्हणून गेली, तर तीही ‘शहरातून खेड्यात’ आलेलीच. म्हणून कारणाचा रकाना उघडल्याशिवाय एकही टक्का उतरवून घेऊ नका. ही पाहणी टाळेबंदीच्या वर्षातली आहे, हेही शेजारी लिहा.

आता नोंदणी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च मोफत आहे. तालुका, गाव, वर्ष आणि गट नंबर टाकला की दस्त दिसतात. गट नंबर आधी महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्या, नाहीतर अंधारात चाचपडत बसाल. प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन उघडली की दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्र आणि तारीख मिळते. बक्षीसपत्रं आणि हक्कसोडपत्रं बाजूला काढा, ते घरातल्या घरातले व्यवहार. खरेदीखतं आणि भाडेपट्टे ठेवा. खरेदीदाराचा पत्ता मुंबईचा की नाशिकचा, एवढंच तुमच्या तक्त्यात येऊ द्या. नावं उतरवू नका.

इथे एका जागी हमखास फसायला होतं. डिसेंबर २०२० मध्ये खरेदीखतांचा ढीग दिसतो आणि लगेच निष्कर्ष निघतो, की कोरोनाला घाबरून लोक गावाकडे पळाले. पण सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्याने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सवलत दिली होती आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांची. शुल्क भरून ठेवून दस्त पुढे चार महिन्यांत नोंदवता येत होता, म्हणून ती लाट एप्रिलपर्यंत पसरलेली दिसते. त्या महिन्यांची तुलना आधीच्या वर्षाशी करण्यापेक्षा २०१८ पासून पुढची सगळी वर्षं एका ओळीत मांडा. रेडी रेकनरचं, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या दरांचं, तेही तसंच. २०२२-२३ नंतर दोन वर्षं दर जागचे हलले नाहीत आणि २०२५-२६ ला नाशिक महापालिका क्षेत्रात सरासरी ७.३१ टक्के वाढ झाली. त्या दोन वर्षांत जमिनीचे भाव थांबले होते असं गावात कुणीही म्हणणार नाही. रेकनर ही शासनाची फूटपट्टी आहे, बाजाराचा भाव तुम्हाला गावातच विचारावा लागतो. भावाच्या आलेखावर रस्त्यांच्या तारखाही टाका. समृद्धी महामार्ग मार्च २०२४ मध्ये भरवीरहून इगतपुरीपर्यंत आला आणि ५ जून २०२५ ला पुढे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला. त्र्यंबकच्या बाजूला २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत. यातली किती खरेदी राहण्यासाठी आणि किती भाव वाढेल म्हणून, हे आलेख सांगणार नाही.

जमीन कोण घेऊ शकतो, याचा कायदा समजल्याशिवाय गावाचं चित्र वाचता येत नाही. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय मिळत नाही, आणि त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे अशी जमीन पुष्कळ आहे. शेजारच्या दोन गावांत एकीकडे प्लॉटच प्लॉट आणि दुसरीकडे एकही बंगला नाही, असं दिसलं की आवडीनिवडीची कारणं शोधू नका, आधी सातबारे काढा. सातबाऱ्यावर आणखी एक गोष्ट दिसते. वीस गुंठ्यांच्या गटावर सात-आठ वेगवेगळी आडनावं, पुढे ‘सामाईक क्षेत्र’. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे छोटा तुकडा वेगळा विकता येत नसे, म्हणून एकत्र खरेदी करून आपसांत वाटणी केलेली असते. नोंदणीत हा एकच व्यवहार, जमिनीवर मात्र सात-आठ कुंपणं. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६ वाचायला शिका. वारस, वाटप, बोजा सोडून खरेदीच्या नोंदी वर्षवार मोजल्या, की गावाचा वेग कळतो. तलाठी चांगला असेल तर तासाभरात शिकवतो.

राहणाऱ्यांची मोजणी ग्रामपंचायतीत सुरू होते. नमुना ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी. दोन आकारण्यांमध्ये किती नवी घरं चढली, ते पाहा. ग्रामसेवक वही दाखवत नसेल तर भांडू नका, माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, तीस दिवसांत उत्तर. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. वर्ष, नमुना क्रमांक आणि हवा तो रकाना लिहा, आणि व्यक्तींची नावं वगळून मागा.

त्यानंतर पायी फिरा, आणि तेही आषाढ-श्रावणात, आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवार-रविवारी कश्यपी धरणाच्या बाजूला प्रत्येक फाटकात गाडी असते, त्यावरून काही ठरत नाही. बुधवारी संध्याकाळी पाऊस असताना जा. ज्या घरात माणसं राहतात त्याच्या पायरीवर शेवाळ धरत नाही, पावलांनी मधला पट्टा घासलेला असतो. बंद बंगल्याची पायरी कडेपासून कडेपर्यंत हिरवी, फाटकाच्या कडीला गंज, तुळशीवृंदावनात गवत. दोरीवर कपडे आहेत का, दुधाची पिशवी अडकवायला खिळा आहे का, पोरांची सायकल आहे का, हे लिहून घ्या. मग वायरमनला आणि दूधवाल्याला भेटा. कुठल्या घराचं मीटर महिनोन्‌महिने जेमतेम फिरतं आणि रतीब कुणाकडे बारमाही आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. शाळेत गेलात तर बाहेरच्या शाळेचे दाखले घेऊन आलेली मुलं किती, एवढाच आकडा मागा.

माणसांशी बोलताना ‘गावाकडे का आलात?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याला सगळे ‘शांतता’ आणि ‘शुद्ध हवा’ हेच उत्तर देतात. आधी विचारा: शहरातलं घर विकलं, भाड्याने दिलं, की कुलूप लावून ठेवलंय? मतदान कुठे? मागच्या आजारपणात दवाखाना कुठला? पाणी विहिरीचं, बोअरचं की टँकरचं? या चार उत्तरांत माणूस आलाय की फक्त येऊन-जाऊन असतो, ते स्पष्ट होतं. माझ्या मुलांच्या प्रकल्पांत सगळ्यात पक्के राहणारे निघतात ते परत आलेले: सातपूर-अंबडच्या कंपनीतून, नोट प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन वडिलांच्या जागेत घर बांधणारे. त्यांच्या घराची जाहिरात कुठे नसते. खरेदीखतही नसतं, कारण जमीन वारसाने आलेली असते. नोंदणीच्या आकड्यांत ते दिसतच नाहीत, म्हणून त्यांना मुद्दाम शोधा.

दुसरे न दिसणारे म्हणजे मजूर. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं गिरणाऱ्याच्या परिसरात टोमॅटोच्या आणि द्राक्षाच्या कामाला येतात, शेडमध्ये किंवा एका खोलीत राहतात. हे खेड्यातून खेड्यात आलेले, तुमच्या व्याख्येत बसत नाहीत. तरी त्यांची वेगळी नोंद ठेवा. बंगले वाढल्यावर खोलीभाडं वाढलं का, विहिरीचं पाणी कुणाला कमी पडलं, गावातल्या तरुणाला आता घरासाठी गुंठा परवडतो का, हे त्यांना आणि जुन्या गावकऱ्यांना विचारलंच पाहिजे. मला या विषयाची ओढ आहे ती मुळात या प्रश्नांमुळे.

अहवाल झाला की नावं आणि गट नंबर काढून एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दहा मिनिटं मागून आकडे वाचून दाखवा. कोणतं घर तुम्ही बंद धरलंय आणि तिथे म्हातारी एकटी राहते, हे लोक जागेवर सांगतात. ती दुरुस्ती तारखेसह तक्त्यात चढवा.