सिस्को राउटरवर रिप व्हर्जन २: तीन राउटर, दोन लॅन

रिप म्हणजे राउटरांनी आपल्याकडची नेटवर्क एकमेकांना आपोआप सांगण्याची पद्धत (राउटिंग प्रोटोकॉल). तीन राउटर एका रांगेत आहेत असं धरू. आर-१ च्या मागे १७२.१६.१.०/२४ ही लॅन, आर-३ च्या मागे १७२.१६.२.०/२४. मधल्या आर-२ कडून आर-१ ला १०.०.१२.०/३० आणि आर-३ ला १०.०.२३.०/३० अशा लिंक. आधी सगळ्या इंटरफेसना आयपी देऊन ‘नो शटडाउन’ करा आणि शेजारच्या राउटरला पिंग जातोय का ते बघा. तिथेच पिंग अडत असेल तर रिपला हात लावू नका.

मग आर-१ वर ग्लोबल कॉन्फिगरेशन मोडमध्ये:

राउटर रिप
व्हर्जन २
नो ऑटो-समरी
नेटवर्क १०.०.०.०
नेटवर्क १७२.१६.०.०
पॅसिव्ह-इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०

आर-३ वर हेच. आर-२ वर पहिल्या चार ओळी पुरतात. ‘नेटवर्क’पुढे १७२.१६.१.० लिहिलंत तरी राउटर ते १७२.१६.०.० करूनच ठेवतो, कारण ही कमांड क्लासप्रमाणे, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या ए, बी, सी गटांप्रमाणे चालते. त्या पट्ट्यातले सगळे इंटरफेस रिपमध्ये येतात, म्हणूनच लॅनकडचा इंटरफेस पॅसिव्ह करायचा. त्यातून अपडेट बाहेर जात नाहीत, पण लॅनची जाहिरात इतर राउटरकडे होत राहते. चुकून लिंककडचा इंटरफेस पॅसिव्ह केलात, तर तो राउटर समोरच्याचं ऐकेल, स्वतःचं काहीच सांगणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे ‘नो ऑटो-समरी’ (लहान नेटवर्क आपोआप एका मोठ्यात गुंडाळू नको) विसरणं. मग आर-१ आणि आर-३ दोघेही १०.०.०.० च्या लिंकवर आपली /२४ लॅन न सांगता १७२.१६.०.०/१६ एवढंच सांगतात. आर-२ च्या टेबलमध्ये त्या एकाच नेटवर्कला [१२०/१] (१२० हा रिपचा प्राधान्यक्रम, १ म्हणजे हॉप, वाटेतला राउटर) असे दोन रस्ते दिसतात आणि तो ट्रॅफिक दोन्हीकडे वाटतो. काही पिंग पोहोचतात, काही हरवतात, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. चूक सुधारल्यावरही जुनी नोंद काही मिनिटं रेंगाळते. आर-२ वर ‘क्लिअर आयपी राउट *’ द्या.

‘व्हर्जन २’ एकाच राउटरवर राहिलं तर दोष एकतर्फी दिसतो. तो राउटर दोन्ही व्हर्जन ऐकतो, पण पाठवतो व्हर्जन १, आणि शेजारी ते टाकून देतात. शेजाऱ्यावर ‘डीबग आयपी रिप’ लावलं की चुकीच्या व्हर्जनची तक्रार लगेच दिसते.

‘शो आयपी राउट’मध्ये ‘आर’ने (म्हणजे रिपने) सुरू होणाऱ्या ओळीतली वेळ नीट वाचा. अपडेट साधारण दर ३० सेकंदांनी येतं, त्यामुळे ००:००:२७ नंतर ती परत शून्याजवळ यायला हवी. ००:०१:१० दिसलं तर दोनेक अपडेट हुकलेत. अशा वेळी अॅक्सेस लिस्टमध्ये (ट्रॅफिक अडवणाऱ्या नियमांत) रिपची अपडेट ज्यावरून जातात तो यूडीपी पोर्ट ५२० किंवा २२४.०.०.९ हा पत्ता अडलाय का तपासा. १८० सेकंद काहीच आलं नाही तर राउट बाद ठरतो, २४० ला टेबलमधून जातो. मध्ये स्विच असेल तर पलीकडची केबल निघाली तरी आपला इंटरफेस चालूच दिसतो आणि ही पूर्ण वाट पाहावी लागते.

रिप फक्त हॉप मोजतो, वेग बघत नाही, आणि १६ वा हॉप त्याच्या लेखी पोहोचण्यापलीकडचा. वेगवेगळ्या वेगाच्या पर्यायी लिंक असतील तर सरळ ओएसपीएफ (लिंकचा वेग धरून रस्ता निवडणारा प्रोटोकॉल) घ्या.

काम झालं की डीबग थांबवायला ‘अनडीबग ऑल’, मग कॉन्फिगरेशन सेव्ह करायला ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’, तिन्ही राउटरवर.