जुनी ब्रेझा घेताय? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

विटारा ब्रेझा २०१६ मध्ये आली ती फक्त डिझेलवर. पेट्रोल आलं २०२० मध्ये. म्हणजे नाशकात त्याआधीची गाडी बघायला गेलात की १२४८ सीसीचं डिझेल इंजिनच मिळणार. रोजचं फिरणं कॉलेज रोड ते सातपूर एवढंच असेल तर माझ्या मते घेऊ नका. मुंबई-पुण्याच्या फेऱ्या असतील तर जरूर बघा.

मालकाला आदल्या दिवशीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, गार लागलं पाहिजे. गार इंजिन किती सेल्फ घेतं, धूर निळसर येतो का, हे तेव्हाच कळतं.

मग पुढचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. गोदेच्या पुरात बुडालेली गाडी आतून कितीही धुतली, तरी पट्ट्याच्या गुंडाळलेल्या टोकाला गाळाची मातकट रेघ राहते. ती दिसली की कितीही स्वस्त असो, सरळ घरी या.

क्लच चढावरच तपासा.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.