गोळीचा त्रास पेशंटला आकड्यांत कसा सांगावा

रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन देताना “कधीकधी पाय सुजतात” एवढंच सांगितलं, तर कागलहून आलेल्या आजी सूज दिसताच गोळी बंद करतात आणि बीपी पुन्हा चढतं. म्हणून आकडा सांगा. ५ मिलिग्रॅमवर १०० जणांत साधारण ३ जणांचे घोटे सुजतात, १० मिलिग्रॅमवर सुमारे ११ जणांचे. बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, हेही सांगायलाच हवं.

हिशेब कायम शंभरातच ठेवा. “३३ मध्ये एक” आणि “९ मध्ये एक” यांत अनेकांना ३३ चाच धोका मोठा वाटतो. “जवळजवळ चौपट” तर नकोच, कशाच्या चौपट ते कळत नाही. केसपेपरच्या मागे दहा ओळींत दहा-दहा ठिपके काढा, १० मिलिग्रॅम असेल तर ११ रंगवा आणि कोरे ८९ ही बोटानं दाखवा: “आजी, एवढ्यांचे पाय सुजत नाहीत.”

मग काय करायचं ते सांगा. दोन्ही घोटे सुजले तर गोळी चालू ठेवून दोन-तीन दिवसांत दाखवायला या. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मेडिकलमधून लघवीची गोळी आणू नका. ही सूज केशवाहिन्यांतून झिरपलेल्या पाण्याची असते, त्या गोळीनं फारशी उतरत नाही. एकच पाय सुजून दुखला, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर रात्र असली तरी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

“समजलं का?” विचारलं की सगळेच मान हलवतात. “घरी सुनेला काय सांगाल?” असं विचारा. उत्तरात गोळी बंद करायची भाषा आली, तर ठिपक्यांपासून पुन्हा सांगा.