सोलापुरात परवानाधारक प्लंबर व्हायचंय? तयारी अशी करा

आयटीआयचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे परवाना मिळाला, असा बऱ्याच पोरांचा समज असतो. तसं नाही. प्रमाणपत्र आयटीआय देतं, परवाना महापालिका देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे प्लंबरला परवाना देण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे. घरातला गळका नळ बदलायला कुणी परवाना विचारत नाही. पण नवीन नळजोडणीचा अर्ज, मुख्य लाइनवर फेरूल (घराची जोडणी काढायचा छोटा पितळी तुकडा) मारणं, जोडणीचा आकार बदलणं ही कामं परवानाधारकाच्या सहीने आणि जबाबदारीवर होतात. म्हणून तयारी दोन्हीची करायची, आणि कागदांपासून सुरुवात करायची.

दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास, जातीचा दाखला लागू असेल तर तो, आधारला जोडलेलं बँक खातं आणि चालू मोबाइल नंबर हे निकालाआधीच एका फायलीत लावून ठेवा. सोलापुरात एक अडचण हमखास येते. तेलुगू किंवा कन्नड आडनावाचं स्पेलिंग दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरंच असतं. ते आत्ताच एकसारखं करून घ्या. पुढे स्टायपेंड अडकतो, पासपोर्ट अडकतो, आणि त्या वेळी गॅझेटमध्ये नाव बदलून आणायला सवड नसते.

आयटीआयचा प्रवेश दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतो. अर्ज भरला की तो निश्चित करून घ्यावा लागतो आणि मग संस्था-ट्रेडचे पर्याय भरावे लागतात. अर्ज निश्चित न केल्यामुळे यादीत नाव न लागलेली मुलं दरवर्षी असतात. विजापूर रोडवरची शासकीय आयटीआय जवळची असली तरी त्या वर्षी तिथे आणि तालुक्यांच्या संस्थांत प्लंबरच्या किती जागा आहेत, हे यादीत पाहूनच पर्याय लावा. शिक्षणाची अटही त्याच वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. दहावीत अडकलेल्यांनाही काही ट्रेड खुले असतात, त्यामुळे परस्पर ठरवून घरी बसू नका.

प्लंबरचा ट्रेड एक वर्षाचा आहे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के गुण. पुढे अप्रेंटिसशिप करायची असेल तर सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून करार करा. २०१९ च्या सुधारित नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये स्टायपेंड धरला होता, त्यामुळे त्याहून कमी देऊ करणाऱ्याकडे सही करू नका. ज्यांनी आयटीआय केलं नाही पण साइटवर वर्षं काढली आहेत, त्यांच्यासाठी पूर्वानुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. ते प्रमाणपत्र नोकरीला आणि परदेशी जायला उपयोगी पडतं. महापालिकेच्या परवान्याला ते चालेल का, हे मात्र अर्जाआधी खिडकीवर विचारा.

आता हाताकडे वळू. वर्षभरात कोणत्या गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात, ते आधी ठरवून घ्या. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपला डायने (आटे कापायच्या हत्याराने) आटे पाडणं जुनं काम वाटतं, पण पेठांमधल्या जुन्या घरांत अजून जीआयच निघते. अर्ध्या इंचाच्या पाइपला इंचात १४ आटे येतात. डायला तेल सोडत, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं फिरवलं नाही तर आटे फाटतात आणि मग कितीही सफेदा-सुतळी लावा, जोड पाझरतोच. कापलेल्या तोंडाची आतली कड रीमरने काढा, नाहीतर तिथेच गाळ धरतो.

सीपीव्हीसीचं, म्हणजे गरम-थंड पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचं काम सोपं दिसतं म्हणून त्यातच जास्त चुका होतात. पाइप सरळ कापायचा, कडा घासायच्या, आधी सुका बसवून पाहायचा. सिमेंट (पाइप चिकटवायचं सोल्युशन) पाइपला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ लावायचं, पाव फेरा फिरवत तळापर्यंत ढकलायचं आणि ३० सेकंद दाबून धरायचं. धरलं नाही तर पाइप आपोआप मागे सरकतो, आणि तो जोड भिंतीत गेल्यावर सहा महिन्यांनी ओल येते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सिमेंट लावता लावताच सुकतं, म्हणून जोडकाम सकाळी करा, डबा सावलीत ठेवा, लहान डबा आणा, आणि घट्ट झालेलं सिमेंट फेकून द्या. त्यात पातळ करणारं काही मिसळू नका. उन्हाचा दुसरा परिणाम लांबीवर होतो. तापमान ४० अंशांनी चढलं तर १० मीटर सीपीव्हीसी साधारण २७ मिलिमीटर वाढते. क्लॅम्प आवळून टाकले तर ती धनुष्यासारखी वाकते आणि एल्बोवर ताण येतो. क्लॅम्प पाइपला सरकू देणारे हवेत, आणि उघड्या पाइपला पाण्यावर चालणारा ॲक्रिलिक रंग द्यायला हवा.

प्लॅस्टिकच्या एफटीएमध्ये (आतून आटे असलेल्या फिटिंगमध्ये) पितळी नळ बसवताना टेप गुंडाळत राहून पान्याने आवळणं ही सगळ्यात नेहमीची चूक. बाहेरचा आटा निमुळता असतो, तो पाचरीसारखा आत शिरतो आणि फिटिंग उभी चिरते. चीर लगेच दिसत नाही, मोटर चालू झाली की दिसते. नळाच्या जागी पितळी आट्याचंच फिटिंग वापरा, हाताने घट्ट झाल्यावर एक ते दीड फेराच द्या. टाइल्स लागण्याआधी हँडपंपाने लाइनची चाचणी घ्या. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काटा निदान तासभर हलता कामा नये. त्या काट्याचा तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवा. पुढे टाइल्सवाल्याने खिळा मारला तर तुमच्याकडे पुरावा असतो.

सांडपाण्याच्या लाइनीत उतार आणि ट्रॅप (पाणी अडवून गटारीचा वास थांबवणारा भाग) या दोनच गोष्टी जपायच्या. ११० मिलिमीटरच्या आडव्या लाइनीला ६० मीटरला १ मीटर या प्रमाणात उतार, ७५ मिलिमीटरला ४० ला १. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. घरात वास येतो अशा तक्रारीत ट्रॅप सुकलेला असतो, नाहीतर हवा जायचा व्हेंट पाइपच दिलेला नसतो.

सोलापूरचं पाणी रोज येत नाही, उजनी आणि टाकळीहून येणारं पाणी काही दिवसांच्या अंतराने सुटतं. त्यामुळे इथे प्लंबरची खरी किंमत हौद, टाकी आणि दाब यांचा हिशेब करण्यात आहे. माणशी १३५ लिटर, घरात पाच माणसं, पाच दिवसांची साठवण धरली तर ३,३७५ लिटर होतात. म्हणजे ४,००० लिटरचा हौद हवा: आतून २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, पाणी १.३५ मीटर उंच, वर थोडी मोकळी जागा. पण अर्ध्या इंचाच्या जोडणीतून मिनिटाला १२ लिटरच येत असतील तर अडीच तासांत १,८०० लिटरच भरतात. इथेच लोक नळाला थेट मोटर लावा म्हणतात. लावू नका. लाइनीत उलटी ओढ तयार होते, शेजारचं पाणी तुटतं आणि जवळच्या गटारीचं पाणी फुटक्या जोडातून आत खेचलं जातं. शिवाय परवानाधारकाने केलेल्या जोडणीवर अशी मोटर सापडली तर प्रश्न थेट तुमच्या परवान्याचा होतो. त्याऐवजी हौदात पाणी सोडणाऱ्या पाइपचं तोंड जमेल तितकं खाली घ्या. दर मीटर उतरंडीला साधारण ०.१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब जास्त मिळतो.

हाच हिशेब वरच्या मजल्यावर उलटा लागतो. गच्चीच्या टाकीचा तळ शॉवरच्या दीड मीटर वर असेल तर शॉवरला ०.१५ किलो दाब मिळतो, आणि मालकाने दुकानातून आणलेल्या महागड्या डायव्हर्टरला (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकला) बहुतेक वेळा अर्धा किलो लागतो. हे सामान आणण्याआधी सांगा. फिटिंग झाल्यावर सांगितलं तर दोष तुमच्यावर येतो. बोअरचं आणि नळाचं पाणी वेगळ्या लाइनींनी ठेवा, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाकून जोडू नका. इथल्या बोअरचा क्षार गीझर, कार्ट्रिज आणि नळाच्या जाळीत बसतो, तेव्हा प्रत्येक उपकरणाआधी अँगल कॉक द्यायचा म्हणजे साफ करायला अख्खं घर बंद करावं लागत नाही.

हत्यारं एकदम सगळी घेऊ नका. १४ आणि १८ इंची पाइप पाना, ॲडजस्टेबल पाना, सीपीव्हीसी कटर, हॅकसॉ, लेव्हलची पारदर्शक नळी, ओळंबा, टेप, छिन्नी-हातोडी एवढ्यावर सुरुवात होते. डाय सेट, प्रेशर पंप आणि भिंत कापायचं मशीन सुरुवातीला भाड्याने आणा. कर्ज लागलंच तर मुद्राच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत प्लंबर नाही, त्यामुळे त्या नावाने फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

परवान्यासाठी अर्ज, प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, शुल्क आणि मागितलं तर डिपॉझिट अशी फाइल करा, आणि पाणीपुरवठा विभागात त्या वेळची यादी व दर लेखी पाहून घ्या. अनुभवाचा दाखला नेमका ऐनवेळी मिळत नाही, म्हणून प्रत्येक ठेकेदाराकडून काम संपतानाच तारखांसह लिहून घ्या. त्याच कागदांवर वर्षात ९० दिवस काम दाखवता आलं तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणीही होते. प्लंबर परवाना आणि त्याचं नूतनीकरण या लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नागरी संस्थांसाठी अधिसूचित झालेल्या सेवा आहेत. अर्जाची पोच घ्या. मुदतीत उत्तर आलं नाही तर अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर केल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परवाना मिळाल्यावर ओळखीपाळखीत दुसऱ्याच्या कामावर सही द्यायची नाही. जोडणी फुटली की सही करणारालाच बोलावतात.

कमाईचं सांगायचं तर हेल्परची हजेरी साधारण ४०० ते ६००, कसलेल्या प्लंबरची ८०० ते १,००० च्या आसपास धरा. दवाखाना, हॉटेल, कारखान्यात देखभालीच्या पगारी नोकऱ्याही असतात, आणि तिथे पगाराआधी पीएफ-ईएसआय कापतात का ते विचारा. अक्कलकोट रोडच्या डाइंग युनिटमध्ये गेलात तर वाफेच्या लाइनीला हात लावू नका, ते प्रमाणित वेल्डरचं काम आहे. कुंभारीच्या रे नगरसारख्या हजारो घरांच्या वसाहतीत सलग काम मिळतं, पण तिथे महिनोन् महिने एकच टप्पा करायला लागतो. शिकताना दोन-तीन महिन्यांनी टप्पा बदलून मागा.

पैसे वाढतात ते अंगावर काम घेतल्यावर, आणि बुडतातही तिथेच. समजा दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर १८,००० मजुरीला घेतलं आणि १० दिवसांत संपवलं. हेल्परचे ५००च्या हजेरीने ५,००० गेले, पेट्रोल-डिस्क-भाडं १,०००, उरले १२,०००, म्हणजे दिवसाला १,२००. तेच काम गवंडी आणि टाइल्सवाल्याच्या खोळंब्याने १६ दिवसांवर गेलं आणि हेल्पर रोज येत राहिला, तर हातात ९,००० उरतात. दिवसाला साडेपाचशेच्या आसपास, हजेरीपेक्षा कमी. म्हणून भिंतीतली लाइन, ड्रेनेज आणि वरची फिटिंग असे तीन टप्पे लिहून घ्या, प्रत्येक टप्प्याचे पैसे तो संपल्यावर लगेच घ्या आणि मधल्या खंडात हेल्परला दुरुस्तीच्या कामावर लावा. पाण्याच्या दिवशी नवीन काम धरू नका. त्या दिवशी सकाळपासून फोन येतात: फ्लोट अडकला, मोटरच्या पाइपखालचा फूट व्हॉल्व्ह पाणी धरत नाही, हौद वाहतोय. भेटीचे पैसे आधी सांगून केलेली ही छोटी कामं महिन्याचा खर्च भागवतात. सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेज चेंबरमध्ये उतरायचं काम मात्र कितीही पैसे दिले तरी घ्यायचं नाही. २०१३ च्या कायद्याने ते माणसाकडून धोकादायक पद्धतीने करून घेण्यावर बंदी आहे, आणि आतला वायू श्वास घ्यायलाही वेळ देत नाही. बराच काळ बंद राहिलेल्या हौदातही झाकण उघडून, हवा खेळवून आणि वर माणूस ठेवूनच उतरा.

आखातात जायचं असेल तर दहावी पास असणं पासपोर्टपासूनच कामाला येतं, कारण दहावी नसलेल्याला पासपोर्टवर ईसीआर (स्थलांतर तपासणी आवश्यक) शिक्का लागतो आणि ठरावीक देशांसाठी स्थलांतर परवानगी घ्यावी लागते. सौदीने कौशल्य चाचणी लागू केली तेव्हा पहिल्या पाच कामांत प्लंबिंग होतं, म्हणून चाचणीची तयारी इथूनच करून जा. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर पाहा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे, त्याची पावती घ्या. करारात मूळ पगार, ओव्हरटाइम, राहणं आणि जेवण वेगवेगळं लिहिलेलं असेल तरच सही करा.