दोन देशांशी नाते आहे, मग खेळायचे कोणाकडून? नियम, कागदपत्रे आणि लोकांचे बोलणे

आई एका देशातली, वडील दुसऱ्या, जन्म तिसरीकडे आणि शाळा चौथ्या ठिकाणी. अशा घरात ‘कोणाकडून खेळायचे’ हा प्रश्न मनाच्या ओढीने सुटतो. क्रीडा संघटनेच्या कार्यालयात मात्र तो तारखांवर सुटतो. जन्म कुठे झाला, पासपोर्ट कधी मिळाला, पहिला अधिकृत सामना कोणत्या दिवशी खेळला आणि त्या दिवशी वय किती होते, एवढे एका कागदावर लिहून काढल्याशिवाय कोणत्याही प्रशिक्षकाच्या फोनला होकार देऊ नये.

आधी आपल्या खेळाची नियमावली

‘पासपोर्ट आहे म्हणजे झाले’ हा सर्वात मोठा गैरसमज. प्रत्येक खेळाचा दरवाजा वेगळा आहे.

फुटबॉलमध्ये दोन्ही लागतात: नागरिकत्व आणि त्या भूमीशी नाते. नंतर नवे नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला फिफा चार वाटा देते. स्वतःचा जन्म तिथला, जैविक आईचा किंवा वडिलांचा जन्म तिथला, आजी किंवा आजोबांचा जन्म तिथला, नाहीतर तिथे ठरावीक वर्षे वास्तव्य. वास्तव्य दहा वर्षांच्या वयाआधी सुरू झाले असेल तर 3 वर्षे पुरतात, त्यानंतर सुरू झाले तर 5 लागतात. 10 ते 18 या वयात देश बदलला असेल, तर ते स्थलांतर फुटबॉलसाठी नव्हते हेही दाखवावे लागते. पालकांच्या नोकरीची पत्रे आणि शाळेचे दाखले इथे कामी येतात. वर्ष मोजतानाही अट आहे. बारा महिन्यांत किमान 183 दिवस प्रत्यक्ष त्या देशात असावे लागते. सुटी, उपचार किंवा फुटबॉलच्या कामाचा प्रवास यांनी वास्तव्य तुटत नाही, पण दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये बदली झाली की तुटते. चार वर्षे काढून पाचव्या वर्षी चांगला करार आला म्हणून शेजारच्या देशात गेलेल्या खेळाडूची आधीची चार वर्षे पाण्यात जातात.

रग्बीत उलटे आहे. तिथे पासपोर्टची अट नाही. स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म त्या देशात झालेला असला की पुरे. तसे नाते नसेल तर दीर्घ वास्तव्याची किंवा नोंदणीची वाट आहे. 2022 पासून ती 36 महिन्यांवरून 60 महिन्यांवर गेली. पण तोच खेळाडू ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंची रग्बी, खेळणार असेल तर नागरिकत्व लागतेच, कारण तिथे ऑलिंपिक सनद, म्हणजे ऑलिंपिकची मूळ नियमावली, चालते.

क्रिकेटमध्ये जन्म, पासपोर्ट किंवा वास्तव्य, यांपैकी एक धागा पुरतो. दक्षिण आफ्रिकेकडून खेळलेला डेव्हिड वीजा पुढे नामिबियाकडून खेळला तो वडिलांच्या जन्मामुळे. मात्र आयसीसीच्या नियमावर देशाच्या मंडळाचा स्वतःचा, कधीकधी अधिक कडक नियम असू शकतो. बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या जोफ्रा आर्चरचे वडील ब्रिटिश, त्यामुळे पासपोर्टचा प्रश्न नव्हता. तरी इंग्लंडच्या मंडळाने सात वर्षांच्या वास्तव्याची अट घातलेली होती. ती तीन वर्षांवर आली म्हणून 2019 च्या विश्वचषकातली सुपर ओव्हर त्याच्या हाती आली. तेव्हा जागतिक नियम वाचून थांबू नका. राष्ट्रीय मंडळाला लेखी विचारा.

बास्केटबॉलची मेख वयात आहे. ज्यांनी नागरिकत्व सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळवले, अशांपैकी एकच खेळाडू संघात चालतो. इथे बरेच पालक चुकतात. मुलाला आईच्या देशाचा पासपोर्ट मिळण्याचा हक्क जन्मापासून असतो, पण ‘काढू नंतर’ म्हणून तो अठराव्या वर्षी काढला जातो. मग सोळाच्या आधीचा कागद हाती नसल्यामुळे तो मुलगा त्या एकाच जागेच्या रांगेत उभा राहतो. मूल बास्केटबॉल खेळो वा न खेळो, दुसऱ्या नागरिकत्वाचा हक्क असेल तर तो लहानपणीच कागदावर आणलेला बरा.

अॅथलेटिक्समध्ये 2017 साली जागतिक संघटनेने देशबदल सरसकट थांबवले होते, कारण पैसे मोजून धावपटू आणण्याचा बाजार उघड झाला होता. 2018 च्या नव्या नियमांनुसार वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत, साधारण तीन वर्षे थांबावे लागते आणि एक समिती त्या देशाशी असलेले नाते खरे आहे का ते तपासते.

एकदा बसले की न निघणारे कुलूप

नवा देश मिळवण्यापेक्षा जुन्या देशातून सुटणे अवघड असते. मैत्रीपूर्ण सामना फुटबॉलपटूला बांधत नाही. दिएगो कोस्टा मार्च 2013 मध्ये ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि 2014 च्या विश्वचषकात स्पेनच्या जर्सीत उतरला. अधिकृत सामन्याचे तसे नाही. सप्टेंबर 2014 मध्ये युरो, म्हणजे युरोपीय अजिंक्यपदाच्या, पात्रता फेरीत मुनीर अल हद्दादी स्पेनकडून शेवटची काही मिनिटे खेळला. तेवढ्यामुळे मोरोक्कोचा दरवाजा बंद झाला आणि 2018 च्या विश्वचषकाआधी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे (खेळातले वाद सोडवणाऱ्या न्यायासनाकडे) जाऊनही उघडला नाही.

2020 मध्ये फिफाने ही गाठ थोडी सैल केली, म्हणून 2021 मध्ये तो मोरोक्कोकडून खेळू शकला. वरिष्ठ संघाकडून अधिकृत सामना खेळलेल्याला आता देश बदलता येतो, पण या सगळ्या अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात:

- वरिष्ठ संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने नकोत. यात मैत्रीपूर्ण सामनेही मोजतात
- ते सामने वयाची 21 वर्षे पूर्ण होण्याआधीचे हवेत
- शेवटच्या सामन्याला किमान तीन वर्षे झालेली हवीत
- विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य स्पर्धेतला (पात्रता फेरीनंतरचा) एकही सामना खेळलेला नको
- पहिल्या अधिकृत सामन्याच्या दिवशी नव्या देशाचे नागरिकत्व आधीच असायला हवे

अर्ज अडकू शकतो तो शेवटच्या अटीवर. हक्क होता पण कागद नव्हता, हे कारण सांगायला सोपे आणि सिद्ध करायला महाकठीण. कनिष्ठ संघांतून खेळलेल्यांना मोकळीक जास्त आहे, तरी बदल आयुष्यात एकदाच मिळतो. आणखी एक: अर्ज दाखल केला की निकाल लागेपर्यंत खेळाडू कोणत्याच देशाकडून खेळू शकत नाही. स्पर्धा तोंडावर असताना अर्ज टाकला तर दोन्हीकडची जागा जाते.

रग्बीत फक्त पहिल्या क्रमांकाचा संघच बांधतो असे नाही. संघटनेने जाहीर केलेला दुसरा वरिष्ठ संघही बांधतो. ‘अ संघाचा तर दौरा आहे’ म्हणत बॅग भरण्याआधी ते पाहा. 2022 पासून तिथेही सुटकेची वाट आहे: 36 महिने आंतरराष्ट्रीय सामना न खेळता काढायचे आणि जन्माचे, आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे नाते दाखवायचे. निव्वळ वास्तव्यावर ही सवलत मिळत नाही.

ऑलिंपिकचा नियम सुटसुटीत आहे. एका देशाकडून ऑलिंपिक, खंडीय स्पर्धा किंवा जागतिक अजिंक्यपद खेळून झाल्यावर नागरिकत्व बदलले तर तीन वर्षे थांबायचे. संबंधित ऑलिंपिक समित्या आणि त्या खेळाची जागतिक संघटना राजी असतील तर ही मुदत कमी होऊ शकते. म्हणून जुन्या संघटनेशी भांडून बाहेर पडणे हा महागडा स्वभाव ठरतो. त्यांची संमती पुढे लागणार असते.

कागदांची साखळी

आजोबांच्या नात्यावर दावा असेल तर साखळी अशी लागते: आजोबांचा जन्मदाखला, त्यात जन्मस्थळ स्पष्ट, आईचा किंवा वडिलांचा दाखला, त्यात आजोबांचे नाव, लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचा उतारा, आणि स्वतःचा दाखला. कुठेही एक कडी नसली तर पुढचे सगळे निकामी. नावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे असणे ही नेहमीचीच गत, त्यासाठी एकाच व्यक्तीची नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. परदेशी कागदांवर अॅपोस्टिल (कागद अस्सल असल्याचा सरकारी शिक्का) आणि मान्यताप्राप्त भाषांतर लागते. सीमा बदललेल्या भागात जन्म असेल तर ते गाव आज कोणत्या संघटनेच्या हद्दीत मोजले जाते हे लेखी विचारून घ्या. दत्तक मुलांच्या बाबतीत फुटबॉलचा ‘जैविक’ हा शब्द आडवा येऊ शकतो.

सर्वात महत्त्वाचे: दाखला मूळ नोंदणी कार्यालयातून खेळाडूने किंवा कुटुंबाने स्वतः काढावा. ‘आमच्याकडे मिळाले आहेत, तुम्ही फक्त सही करा’ असे कोणी एजंट किंवा पदाधिकारी म्हणाला तर सही करू नका. सप्टेंबर 2025 मध्ये फिफाच्या शिस्तपालन समितीने मलेशियाच्या सात खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली, ती याच मुद्द्यावर. संघटनेने दिलेल्या कागदांत आजीआजोबांचा जन्म मलेशियातला होता, फिफाने मिळवलेल्या मूळ दाखल्यांत तो अर्जेंटिना, ब्राझील, नेदरलँड्स आणि स्पेनमधला निघाला. रग्बीत 2000 साली वेल्सचे दोन खेळाडू असेच आजोबांच्या जन्मस्थळावरून अपात्र ठरले. 2022 मध्ये स्पेनचा रग्बी संघ मैदानावर पात्र ठरूनही विश्वचषकाला मुकला. एका खेळाडूच्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार झाला होता, दहा गुण कापले गेले आणि त्यांच्या जागी रुमानिया गेला. एका माणसाच्या कागदाची किंमत सगळा संघ मोजतो, हे व्यवस्थापकाने लक्षात ठेवावे आणि छायाप्रतीवर विसंबू नये.

नवे नागरिकत्व घेण्याआधी जुने जाईल का तेही पाहा. भारत आणि चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. जपानमध्ये दोहोंपैकी एक निवडणे अपेक्षित असते. नाओमी ओसाकाने 2019 मध्ये जपान निवडले. करिअर दहा वर्षांचे, नागरिकत्व जन्माचे. घर, वारसा, परत येण्याचा हक्क यांचा हिशेब वकिलाकडून करून घ्यावा, प्रशिक्षकाकडून नव्हे.

ज्याला कुठलाच पासपोर्ट चालत नाही, त्याच्यासाठी 2016 पासून निर्वासितांचा ऑलिंपिक संघ आहे. निर्वासित म्हणून अधिकृत मान्यता हा त्याचा पाया, आणि आश्रय दिलेल्या देशाच्या ऑलिंपिक समितीमार्फत वाट सुरू होते. ब्रिटनमध्ये सराव करणाऱ्या सिंडी नगाम्बाने 2024 मध्ये पॅरिसला बॉक्सिंगमध्ये या संघाचे पहिले पदक जिंकले.

लोकांची परीक्षा वेगळी

कागद पक्के झाले तरी लोकांची स्वतःची नियमावली असते. राष्ट्रीय ओळखीवरची सर्वेक्षणे नेहमी विचारतात: इथला ठरायला जन्म महत्त्वाचा, भाषा, कायद्याचा आदर, की पूर्वज? जो पूर्वज म्हणतो त्याला तुमचा पासपोर्ट पटणार नाही, आणि ते बदलणे तुमच्या हातात नाही. 1990 मध्ये ब्रिटनचे राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी स्थलांतरितांची निष्ठा ते क्रिकेटमध्ये कोणाला टाळ्या देतात यावर मोजली. 1996 मध्ये फ्रान्सचे अतिउजवे नेते ल पेन यांनी राष्ट्रगीत न गाणाऱ्या खेळाडूंवर बोट ठेवले. दोन वर्षांनी तशाच मिश्र मुळांच्या फ्रेंच संघाने विश्वचषक जिंकला. तुर्की मुळांच्या मेसुत ओझिलने 2018 मध्ये जर्मनीचा संघ सोडताना हेच मांडले की जिंकलो तर जर्मन, हरलो तर स्थलांतरित. टीका जय-पराजयावर चालते हे आधीच गृहीत धरले की तयारी करता येते.

तयारी म्हणजे काय? निवड जाहीर करण्याआधी जागतिक संघटनेची मंजुरी हातात असावी. नाकारलेल्या देशाच्या प्रशिक्षकाला बातमी फुटण्याआधी स्वतः फोन करावा. निवेदन दोन्ही भाषांत, चार-पाच वाक्यांचे. ‘लहानपणापासून हेच स्वप्न’ हे वाक्य टाळा. दुसऱ्या देशाच्या कनिष्ठ संघातली तुमची जुनी मुलाखत कोणीतरी अर्ध्या तासात शोधून काढतो. खरे कारण, मग ते संघात जागा मिळण्याचे असले तरी, सांगितलेले चालते. राष्ट्रगीत पाठ करा; गायलाच हवे असा फिफाचा नियम नाही, पण शब्द माहीत नसणे आणि न गाण्याचा निर्णय घेणे यांत फरक आहे. दुसऱ्या देशाला कमी लेखणारा एकही शब्द नको, कारण तिथे तुमची मावशी राहते आणि बाजारात जाते.

जुन्या देशाविरुद्ध सामना आला तर गोल झाल्यावर काय करायचे ते आदल्या दिवशीच ठरवा. याउंडेत जन्मलेल्या ब्रील एम्बोलोने 2022 च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडकडून कॅमेरूनविरुद्ध गोल केला आणि जल्लोष केला नाही. सहकाऱ्यांना ते ठाऊक असले की गोंधळ होत नाही. समाजमाध्यमांवरचे खाते त्या आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या हाती द्या आणि अनोळखी लोकांचे संदेश बंद ठेवा. 2021 च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर शिव्यांचा भडिमार झाला, तो सामना संपताच सुरू झाला होता. धमकी आली तर ती पुसू नका. तारीख-वेळेसह पडद्याचे चित्र (स्क्रीनशॉट) जपून संघाच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्या, कारण पोलिसांना तेच लागते.