झेड ताणण्याआधी प्रॉपर्टीज बघा

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बसून दिवसभर इतरांचे स्टॅक, म्हणजे नमुन्यात थराथराने खाली जात टिपलेल्या प्रतिमांचे गठ्ठे, उघडून देणं हे माझं काम. "मॅडम, केंद्रकं चपटी दिसतायत, झेड जरा ताणून द्या ना," असं कुणी म्हणालं की मी झेड (खोलीची दिशा) ताणणाऱ्या 'स्केल' आदेशाला हात लावत नाही. आधी फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबते. प्रॉपर्टीजची खिडकी उघडते. तिथे पिक्सेल विड्थ, पिक्सेल हाइट आणि व्हॉक्सेल (त्रिमितीतला पिक्सेल) डेप्थ असते. तिन्ही ठिकाणी १ आणि युनिट 'पिक्सेल' दिसलं, तर मापं वाटेत कुठेतरी गळाली आहेत. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून टिफ करून आणली की हे बऱ्याचदा होतं. सूक्ष्मदर्शकाची मूळ फाइल फिजीतल्या बायो-फॉर्मॅट्स या प्लगइनमधून उघडा आणि आकडे तिथून घ्या.

मापं नीट भरली की ऑर्थोगोनल व्ह्यूजमध्ये (स्टॅकचा बाजूने छेद दाखवणाऱ्या खिडकीत) थालीपिठासारखं चपटं केंद्रक आपसूक गोल होतं, कारण ती खिडकी हीच मापं वाचते. नुसतं बघायचंच असेल तर रीसँपल करूच नका, म्हणजे पिक्सेलची संख्या बदलूच नका. स्टॅक तिरपा फिरवायचा असेल किंवा पुढचा प्लगइन अंतर व्हॉक्सेलमध्ये मोजत असेल, तरच पुढे वाचा.

समजा १०२४ गुणिले १०२४ चे, १६ बिटचे ४० स्लाइस (स्टॅकमधल्या एकेक प्रतिमा) आहेत. पिक्सेल ०.२ मायक्रॉन, दोन स्लाइसमधलं अंतर १ मायक्रॉन. इमेज मेनूतल्या स्केलमध्ये झेडला ५ टाकलं की २०० स्लाइस होतात आणि ८० एमबीचा स्टॅक ४०० एमबीवर जातो. मी सहसा एक्स-वायला ०.५ आणि झेडला २.५ देते: १०० स्लाइस, ५० एमबी, व्हॉक्सेल सगळीकडून ०.४ मायक्रॉन. एक्स-वायमधला बारकावा थोडा जातो, पण केंद्रकं मोजायला एवढं पुरतं. मधले वाढीव स्लाइस हा शेवटी अंदाजच असतो. सूक्ष्मदर्शकाने जे टिपलंच नाही ते त्यांत कुठून येणार?

इंटरपोलेशनला, म्हणजे शेजारच्या पिक्सेलवरून मधली किंमत काढण्याच्या पद्धतीला, बायलिनिअर ठेवा. बायक्युबिक ठळक कडांपाशी कधी कधी मूळात नसलेला उजेड दाखवतो.

लेबल-इमेजची, म्हणजे प्रत्येक पेशीला एक क्रमांक दिलेल्या प्रतिमेची, गोष्ट मात्र निराळी. तिथे ३ म्हणजे एक पेशी, ७ म्हणजे दुसरी. बायलिनिअर लावलंत तर दोघींच्या सीमेवर ५ उगवतो, आणि ५ ही भलतीच तिसरी पेशी! लेबलांना इंटरपोलेशन 'नन'च, आणि 'अ‍ॅव्हरेज व्हेन डाउनसायझिंग'वरची टिकही काढा.

'क्रिएट न्यू विंडो' चालू असू द्या, म्हणजे मूळ स्टॅक शाबूत राहतो. प्रकाशाची तीव्रता मोजायची ती त्याच्यावरच. नव्या स्टॅकवर पुन्हा कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा. तिन्ही मापं ०.४ दिसली की नाव बदलून सेव्ह करा. नावातच 'रीसँपल' लिहा, नाहीतर महिन्याभराने दोन्ही फाइली घेऊन माझ्याकडेच याल.