मेल येणारा सिक्युरिटी ग्रुप: या चुका टाळा

‘अकाउंट्स ग्रुपचे मेल मलाही येऊ द्या.’ हेल्पडेस्ककडे अशी विनंती येते, कोणीतरी यादीत नाव टाकतं आणि तिकीट बंद होतं. ग्रुप नुसती मेलची यादी असेल तर काही बिघडत नाही. पण तो मेल-एनेबल्ड सिक्युरिटी ग्रुप (मेलही येतो आणि परवानग्याही मिळतात असा ग्रुप) असेल, तर त्या माणसाला मेलसोबत पगारपत्रकांचं फोल्डर आणि शेअर्ड मेलबॉक्सही (अनेकांनी मिळून वापरायचा मेलबॉक्स) उघडून मिळू शकतो. हा ग्रुप पत्ताही असतो आणि किल्लीही. पत्ता मागणाऱ्याच्या हाती किल्ली देणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक.

म्हणून मेलसाठी डिस्ट्रिब्युशन ग्रुप (नुसती मेलची यादी) आणि परवानगीसाठी साधा सिक्युरिटी ग्रुप, असे दोन वेगळे ठेवा. दोन्ही कामं एकाकडे फक्त गरज असेल तिथेच द्या. उदाहरणार्थ, एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल यंत्रणेत शेअर्ड मेलबॉक्सची परवानगी ग्रुपला द्यायची तर मेल-एनेबल्ड सिक्युरिटी ग्रुपच लागतो. अशा ग्रुपच्या नावातच ओळखीची खूण घाला.

ऑडिट म्हणजे नुसती नावं वाचणं नव्हे

बहुतेक ऑडिट सदस्यांची यादी काढून ग्रुपच्या मालकाच्या (तो सांभाळणाऱ्याच्या) सहीवर संपतात. त्या यादीतून कोण आत आहे ते कळतं, पण दार कशाचं आहे ते कळत नाही. परवानगी ग्रुपवर लिहिलेली नसते. ती त्या त्या फोल्डरवर, शेअरपॉइंट साइटवर, मेलबॉक्सवर असते. त्यामुळे ‘हा ग्रुप काय काय उघडतो?’ याचं उत्तर एका जागी मिळत नाही. परवानगी देतानाच नोंद ठेवली नसेल, तर नंतर प्रत्येक ठिकाणी जाऊन शोधावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर ऑडिटला अर्थ उरत नाही.

यादीही अनेकदा अपुरी असते. ‘गेट-डिस्ट्रिब्युशनग्रुपमेंबर’ ही एक्स्चेंजची सदस्य दाखवणारी कमांड एकच पातळी दाखवते. आत दुसरा ग्रुप असेल तर फक्त त्याचं नाव येतं, त्यातली माणसं नाहीत. शिवाय मर्यादा सांगितली नाही तर ती १००० नोंदींवर थांबते. मोठ्या ग्रुपमध्ये एक हजारावं नाव दिसलं की आधी शंका घ्या.

ग्रुप स्वतःच्या सर्व्हरवरच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोजची खाती आणि ग्रुप ठेवणारी यंत्रणा) असतील, तर पहारा बसवतानाही गफलत होते. बरेच जण सदस्य जोडल्याची नोंद करणाऱ्या ४७२८ आणि ४७३२ या क्रमांकांच्या इव्हेंटवर अलर्ट लावून निश्चिंत होतात. पण ते अनुक्रमे ग्लोबल आणि लोकल या प्रकारच्या ग्रुपचे. मेल-एनेबल्ड ग्रुप युनिव्हर्सल या तिसऱ्या प्रकारचा असतो. त्यात सदस्य आला की ४७५६ नोंदवला जातो, काढला की ४७५७. म्हणजे ज्या ग्रुपवर लक्ष हवं, नेमका तोच नजरेतून निसटतो.

‘मेल येत नाही, मग काढून टाका’

मेसेज ट्रेस (मेलच्या ये-जा नोंदींचा शोध) रिकामा दिसला म्हणून ग्रुप उडवू नका. मेल वर्षभर आला नसेल, तरी त्याच ग्रुपवर रोज कोणाचं तरी फोल्डर उघडत असेल. आणि त्याच नावाने पुन्हा केलेला ग्रुप उपयोगाचा नसतो. त्याची अंतर्गत ओळख नवी असते, जुन्या परवानग्या त्याला ओळखत नाहीत. आधी सदस्यांची यादी जतन करा, मग सदस्य काढून रिकामा ग्रुप निदान एक महिनाअखेर उलटेपर्यंत तसाच राहू द्या. आपल्या सर्व्हरवर फक्त मेल बंद करायचा असेल, तर ‘डिसेबल-डिस्ट्रिब्युशनग्रुप’ वापरा. ‘रिमूव्ह’ केलं तर अख्खा ग्रुपच जातो.

असाच घात ‘अपडेट-डिस्ट्रिब्युशनग्रुपमेंबर’ करते. ती नाव जोडत नाही, सगळी यादी बदलते. एक माणूस वाढवायला गेलात तर बाकीचे सगळे बाहेर. जोडायला ‘अॅड’च वापरा.

नेहमीच्या तक्रारी

नाव टाकलं तरी सर्व्हरवरचं फोल्डर उघडत नाही? लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगा; नवं सदस्यत्व नव्या लॉगिनलाच लागू होतं. शेअर्ड मेलबॉक्स आउटलुकमध्ये आपोआप दिसत नाही? ग्रुपमार्फत परवानगी दिली की ऑटोमॅपिंग (मेलबॉक्स आपोआप जोडला जाणं) होत नाही, तो हाताने जोडावा लागतो. बाहेरून आलेला मेल ५.७.१३३ हा एरर कोड सांगून परत जातो, कारण मुळात अशा ग्रुपला फक्त संस्थेतल्यांनाच पाठवता येतं. ते सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी विचार करा: फसवणुकीचा एक मेल नेमक्या किल्ली असलेल्या माणसांपर्यंत थेट पोहोचेल. क्लाउडमध्ये बदल होत नसेल, तर बहुधा ग्रुप आपल्या सर्व्हरवरून सिंक होतोय, म्हणजे क्लाउडमध्ये त्याची नुसती प्रत आहे. बदल तिथेच करा.

अॅडमिन असूनही ‘तुम्ही मालक नाही’ असं उत्तर आलं, तर कमांडला ‘बायपास-सिक्युरिटी-ग्रुप-मॅनेजर-चेक’ हा पर्याय जोडून पुढे जाता येतं. पण आधी मालक कोण ते पाहा. तो नोकरी सोडून गेलेला निघाला, तर आधी नवा मालक नेमा.

आणि ऑडिट वर्षातून एकदाच करत असाल तर हे ध्यानात ठेवा: मायक्रोसॉफ्ट ३६५च्या स्टँडर्ड ऑडिटमध्ये नोंदी १८० दिवसच राहतात. ‘याला कोणी घेतलं?’ असं विचारेपर्यंत उत्तर पुसलेलं असतं. दर तीन महिन्यांनी त्या काढून बाजूला ठेवा.